खिडकीचं म्हणणं

आमच्या ह्यांना जगात शत्रू एकच. त्याचं नाव ‘उघडी खिडकी’.

हे काही कुणाचं खरं नाव नव्हे, एवढं मलाही कळतं. आमच्या शहरातल्या पेपरच्या वेबसाइटवर रोज नवनवीन यंत्रांची एक बातमी येते. तिच्याखाली वाचकांनी कमेंट लिहायच्या, आणि तिथे माणसं असल्याच नावांनी वावरतात. आमचे हे तिथे ‘जुना ग्राहक’. कशाचे जुने ग्राहक, म्हणून मी विचारलं होतं. तर म्हणाले, सगळ्याचाच.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी पुढे काउंटरवर. फ्रेमा दाखवायच्या, आरसा धरायचा, आणि जी फ्रेम चेहऱ्याला अजिबात शोभत नाही ती गोडीगुलाबीनं गिऱ्हाइकाच्या नाकावरून काढून घ्यायची. हे मागच्या खोलीत काचा घासतात आणि बसवतात. दुपारी गर्दी ओसरली की हात पुसून बाहेर यायचं, स्टुलावर बसायचं आणि फोन डोळ्यांच्या इतका जवळ धरायचा की दुसऱ्या कुणी धरला असता तर ह्यांनीच त्याला रागावलं असतं. मग दहा मिनिटं शांतता, आणि त्यानंतर, “बघ, आलाच हा खिडकी.”

बातमी काहीही असो, भांडण ठरलेलं. दूध संपलं की आपणहून मागवणारा फ्रिज निघाला तेव्हा ह्यांनी लिहिलं की फ्रिजच घर चालवणार असेल तर आम्ही घरात राहायचं कशाला, आम्हीच फ्रिजमध्ये जाऊन बसतो. त्यावर खिडकीनं लिहिलं की अवश्य बसा, निदान तिथे तरी तुमचं डोकं थंड राहील. कुठल्याशा टूथब्रशला इंटरनेट जोडल्याची बातमी आली तेव्हा हे दोन दिवस खूश होते. त्यांना वाटलं, आता तर खिडकीला हार मानावीच लागेल. कसलं काय. खिडकीनं उलट दात घासण्याबद्दल इतकं बारकाईनं लिहिलं की हे त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ बेसिनपाशी उभे. मला हसू आवरलं नाही.

मला स्वतःला दोघांचंही थोडं थोडं पटायचं. फोन अपडेट झाला की सगळी बटणं जागा बदलून बसतात, हा शुद्ध छळ आहे, यात ह्यांचं खरं. पण शोकसंदेश लिहून देणाऱ्या ॲपची बातमी आली आणि हे तावातावानं माणुसकी वगैरे लिहायला लागले, तेव्हा खिडकीनं विचारलं की तुम्ही आजवर किती जणांना स्वतःच्या शब्दांत लिहिलंत? ह्यांनी विषय बदलला. ह्यांच्या आतेभावाच्या वेळी चार ओळी कुणी खरडल्या होत्या ते मला माहीत आहे. मीच.

खिडकी कायम ‘आम्ही’ म्हणून लिहायचा. आम्हाला हे पटत नाही, आमचं म्हणणं असं आहे. ह्यांनी त्यावरून त्याचं एक चित्रच तयार केलं होतं. काल जन्मलेला पोरगा, गुबगुबीत खुर्ची, समोर तीन पडदे, आणि आयुष्यात कधी हाताला काम नाही. “ह्याला एकदा माझ्या मशीनवर उभा करायला पाहिजे,” असं हे म्हणायचे. त्यात किती राग आणि किती हौस, हे ज्याला संसाराची सवय आहे त्याला सांगावं लागणार नाही.

खरं सांगू? मला या खिडकीचा आधी रागच यायचा. मी दिवसभर समोर असते, माझ्याशी बोलायला ह्यांच्याकडे ‘हं’ आणि ‘बघू’ एवढे दोनच शब्द, आणि त्या कुठल्या कोणाशी मात्र परिच्छेदच्या परिच्छेद. पण मुलगी लग्न होऊन लांब गेली, समोरचा फोटो स्टुडिओवाला, म्हणजे ह्यांचा एकुलता एक मित्र, दुकान बंद करून लेकाकडे राहायला गेला, आणि हे मिटत गेले. कुणाशी बोलणं नको, कुणाकडे जाणं नको. त्या दिवसांत ह्यांच्या तोंडावर जे काही तेज दिसायचं ते खिडकीशी भांडतानाच. तेव्हापासून मी राग करायचा सोडून दिला. उलट खिडकीचं उत्तर यायला उशीर झाला की मीच विचारायची, काय म्हणतोय तो आज?

तर एक दिवस बातमीच्या वर ठळक चौकट आली. वाचकांचा अनुभव अधिक सुखद करण्यासाठी येत्या शुक्रवारी संध्याकाळपासून कमेंटची सोय बंद करण्यात येत आहे.

आता बघा, वाचकांचा अनुभव सुखद करायचा म्हणून वाचकांची तोंडं बंद. हे असलं फक्त कंपन्यांनाच सुचतं. मी वाचून वैतागले. एरवी एवढ्या चौकटीवर ह्यांनी दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी नुसता फोन खिशात ठेवला आणि आत जाऊन मशीन सुरू केलं. कुणाची काच घासायची बाकी नव्हती, हे मला माहीत होतं.

त्यानंतर ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, बाबांना दुसऱ्या साइटवर जाऊ दे, भांडायला माणसं काय कमी आहेत का. तिला काय सांगणार? भांडायला माणसं ढिगानं मिळतात गं, पण रोज वाट बघून भांडणारं एखादंच मिळतं. मी ह्यांनाच सरळ म्हटलं, “त्याला फोन नंबर द्या आणि मोकळे व्हा.” तर म्हणे, मी कशाला देऊ, मला काय गरज पडलीय. पण दुपारी बघते तर स्टुलावर बसून नंबरच टाइप करत होते.

नंबर गेला नाही. कमेंट तपासायला तिथे माणूस नाही, यंत्र आहे. त्याला आकडे दिसले की ते कमेंट काढून टाकतं आणि तिच्या जागी एक राखाडी ओळ ठेवतं, ‘ही टिप्पणी नियमांत बसत नाही.’ ह्यांनी आकडे अक्षरांत लिहिले. राखाडी ओळ. दुकानाचं नाव लिहिलं, तर जाहिरात म्हणून राखाडी ओळ. शेवटी बिचाऱ्यांनी नुसतं एवढंच लिहिलं की आपणास एकदा भेटायची इच्छा आहे. त्यावर यंत्रानं ह्यांना तंबी दिली की अनोळखी व्यक्तींशी असं वर्तन चालणार नाही. हे लाजेनं लाल झाले. आणि याच यंत्रानं याआधी ‘तुमच्या डोक्यात भुसा आहे’ हे वाक्य कितीदा तरी बिनबोभाट जाऊ दिलं होतं.

गुरुवारी मी स्वतः ती पानं उघडून बघितली. ह्यांच्या राखाडी ओळींच्या खाली आणखी राखाडी ओळी होत्या. ह्यांच्या नसलेल्या.

“ह्या कुणाच्या?” मी विचारलं.

“त्याच्याच असणार. चिडून शिव्या देत असेल.”

“शिव्या यंत्र काढत नाही. आकडे काढतं.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग फोन हातात घेऊन त्या ओळींवरून बोट फिरवायला लागले, आणि मी पाठ वळवून उगाच फ्रेमा पुसत बसले. असं माणूस आनंदलेलं असताना आपण तोंडावर बघत उभं राहू नये.

शुक्रवारी शेवटची बातमी आली आणि ती नेमकी चष्म्याचीच. काचेतच ठळक बातम्या दाखवणारा चष्मा. ह्यांच्या अंगात वीरश्रीच संचारली. पण लिहायला बसले तर काही सुचेना. भेटायला या असं लिहिता येत नाही आणि भांडायला मन होत नाही. माझा पारा चढला. म्हटलं, अहो, त्या यंत्राला बोलावणं चालत नाही, भांडण चालतं, मग भांडूनच बोलवा की. एवढी वर्षं काय केलंत दुसरं?

मग दोघांनी मिळून लिहिलं. एक वाक्य ह्यांचं, एक माझं. शेवटी जे झालं ते असं: “मोठ्या पोस्टासमोरच्या गल्लीत, दातांच्या दवाखान्याखाली ज्याचं चष्म्याचं दुकान आहे असा मी माणूस ठणकावून सांगतो की असला चष्मा घेऊन जर कुणी माझ्या दारात आलं, तर मी तो नाकावर बसवून देणार नाही. सकाळी नाही आणि संध्याकाळी तर नाहीच.”

यंत्रानं ते निमूटपणे जाऊ दिलं. आम्ही दोघं तिथेच स्टुलापाशी उभे राहून पोरांसारखे हसलो.

उत्तर यायच्या आत मात्र कमेंट बंद झाल्या. खिडकीनं वाचलं की नाही, काही कळायला मार्ग राहिला नाही.

पुढच्या आठवड्यात दारावरची घंटी वाजली की हे आतून मान बाहेर काढायचे. एकदा बँकेतला एक कारकून आला आणि म्हणाला, जुना ग्राहक आपणच का? ह्यांचा चेहरा असा उजळला. तर तो म्हणे, मी रोज वाचायचो तुमचं, लिहिलं कधी नाही, पण मला आपलं खिडकीचंच म्हणणं पटायचं. वर चष्मा न घेताच गेला. हे आत जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मी त्या कारकुनाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे सांगत नाही.

आणि मग एका सकाळी एक बाई आल्या. आमच्याच वयाच्या, पांढरे केस बारीक कापलेले, दंडाला पिशवी. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला.

“हा साधाच आहे, बातम्या दाखवत नाही,” त्या म्हणाल्या. “हा तरी नाकावर बसवून द्याल ना?”

मला क्षणभर काही कळेना. आत मशीन थांबलं. हे दारात आले, हातात फडकं, आणि तिथेच उभे. तीन पडद्यांसमोर बसणारा पोरगा ह्यांच्या डोक्यातून जायला जरा वेळ लागला.

बाई कवळ्या बनवायचं काम करतात. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावरून या घरी बसून दात घडवतात. जन्मभर तेच. ह्यांना वाटत होतं की खिडकीनं कधी हातानं काम केलं नाही, आणि त्यांच्या बोटांवर ह्यांच्याइतकेच चिरे. त्यांनीही नंबर पाठवून बघितला होता, अनेकदा, आणि ह्यांच्या ओळी राखाडी झालेल्या बघून त्यांना वाटलं होतं, हा गृहस्थ रागावला.

मी चहा ठेवला, खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि म्हटलं, आता ऐकूया. आणि सांगते तुम्हाला, इतका रटाळ अर्धा तास मी मला बघायला आलेल्या पाहुण्यांतसुद्धा काढला नव्हता. दोघं बोलेनातच. हे त्यांच्या नाकाकडे आणि कानांकडे बघत होते, कारण चष्मा कुठे कलतो ते शोधायची ह्यांना सवय. त्या ह्यांच्या दातांकडे बघत होत्या. शेवटी हे म्हणाले, तुमची डावी काडी वाकलीय. त्या म्हणाल्या, तुम्ही झोपेत दात खाता.

मी पुढे झाले. विषय काढून दिला, त्या नव्या चष्म्याचाच. आणि आमचे हे काय म्हणाले असतील? म्हणाले, “तसं नवीन यायलाच पाहिजे म्हणा.” माझ्या हातातली बशी पडायची राहिली. त्यावर त्या म्हणाल्या, “हो, पण जुन्याची सर नाही.” हे म्हणाले, बरोबर आहे तुमचं. त्या म्हणाल्या, तुमचंही. दारात दोन पाहुणे आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभे राहतात आणि कुणीच आत जात नाही, तसं चाललं होतं. चष्म्याची काडी सरळ करायला ठेवून त्या गेल्या. नमस्कार वगैरे झाला. सगळं कसं रीतसर.

“सज्जन आहेत बाई,” हे म्हणाले, आणि हे इतकं मेलेल्या आवाजात म्हणाले की मला गलबलून आलं. मग सांगायला लागले, हळूहळू, माझ्याकडे न बघता. म्हणाले, समोर माणूस दिसलं की मला भांडता येत नाही. चेहरा दिसतो ना. त्यांचा चष्मा सरळ करून देईन, त्या घेऊन जातील, आणि झालं. मी म्हटलं, काहीतरी बोलू नका. पण मलाही तेच वाटत होतं, आणि रडू येत होतं.

चष्मा न्यायला त्या आल्या तेव्हा हे आतच होते. त्या आल्याचं मी सांगितलं. आतून आवाज आला, दोन मिनिटं, देतो. आपण होऊन काही बाहेर आले नाहीत. बाई खुर्चीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. निघायच्याच तयारीत. पलीकडच्या खुर्चीवर एक शाळेतल्या बाई आपल्या फ्रेमची वाट बघत होत्या, आणि एवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बोललं, बराच वेळ बसला आहात, आता उठा. त्या बिचाऱ्या ओशाळून उठल्या आणि दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागल्या.

“किती छान,” आमच्या बाई म्हणाल्या. “काळजी घेतं.”

मागच्या खोलीची भिंत नुसत्या फळ्यांची आहे. आतलं मशीन एकदम थांबलं.

“घड्याळानं हुकूम सोडला आणि माणूस उठला,” फळ्यांमागून आवाज आला. “याला काळजी म्हणतात होय? याला कवायत म्हणतात.”

“कवायत तर कवायत. गुडघे तरी धरत नाहीत.”

“गुडघ्यांना काय घड्याळ लागतं? उठ म्हणायला घरात माणूस असतं.”

“आणि नसलं तर?”

शाळेतल्या बाई चालायच्या थांबल्या.

“नसलं तर शेजाऱ्यानं म्हणावं,” आतून आलं, पण आवाज जरा उतरला होता.

“शेजारी? शेजारी ते, जे चेहरा दिसला की बरोबर आहे तुमचं म्हणतात?” बाईंचा आवाज मात्र चढला होता आणि गालांवर रंग आला होता. “त्यापेक्षा घड्याळ बरं. निदान ते खरं बोलतं.”

“साफ खोटं. तुम्ही अजून एक धड मुद्दा…” म्हणत हे दार उघडून बाहेर आले, हातात त्यांचा चष्मा, चेहरा भांडणानं फुललेला. तो चेहरा मी किती दिवसांनी बघत होते. आणि बाईंनी वर बघितलं, ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो फुललेला चेहरा मिटायला लागला. ह्यांनी घसा साफ केला.

“म्हणजे, तसं बघायला गेलं तर तुमचंही…”

“आत जा,” मी म्हटलं.

“अगं, पण चष्मा…”

“चष्मा मी देते. तुम्ही आत जा.”

मी चष्मा ह्यांच्या हातातून काढून घेतला, ह्यांच्या छातीवर हात ठेवून ह्यांना मागे ढकललं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि दार ओढून घेतलं. कडी नाही त्या दाराला, म्हणून मूठ धरूनच उभी राहिले. चष्मा बाईंना दिला. त्यांनी तो घातला. नाकावर नीट बसला. शाळेतल्या बाईंनी आपली फ्रेम घेतली आणि माझ्याकडे जरा घाबरून बघत त्या गेल्या.

बाई पिशवी दंडाला अडकवून उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत, गेल्याही नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला हो बाई, काहीतरी बोला, काहीही.

फळ्यांमागून ह्यांचा आवाज आला. भांडणाचा नव्हे. मला विचारत होते, अगदी हळू, की मला एकटीलाच ऐकू यावं.

“गेल्या का त्या?”

बाईंनी ऐकलं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, खुर्ची उचलली, फळ्यांच्या भिंतीला लावली आणि भिंतीकडे पाठ करून तिच्यात नीट बसल्या.

“नाही गेले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तुमचं काम करा. आणि त्या फ्रिजबद्दल तुम्ही जे लिहिलं होतं ना, ते आम्हाला आजही पटलेलं नाही.”

मशीन सुरू झालं. मी दाराची मूठ सोडली, डोळे पुसले आणि चहाचं पाणी ठेवायला गेले.